मिलिंगच्या सरावासाठी मशिनेबल वॅक्स घरी तयार करणे आणि पुन्हा वापरणे

मिलिंग मशीनवर नव्याने काम शिकणाऱ्याच्या बऱ्याच चुका पहिल्या काही जॉबमध्येच होतात. झेडचा म्हणजे उंचीचा शून्य चुकीच्या पातळीवर धरला जातो, एक्स आणि वाय या आडव्या दिशांची अदलाबदल होते, प्रोग्रॅममध्ये एका व्यासाचे टूल असते आणि स्पिंडलमध्ये, म्हणजे टूल धरून फिरवणाऱ्या भागात, दुसऱ्याच व्यासाचे बसवलेले असते. अशी चूक ॲल्युमिनियमवर झाली तर एंड मिल, म्हणजे कापणारे फिरते टूल, तुटते आणि पोलादावर झाली तर कधी स्पिंडललाही हिसका बसतो. तीच चूक मशिनेबल वॅक्सच्या, म्हणजे मशीनवर कापता येईल अशा कठीण मेणाच्या, ठोकळ्यावर झाली तर नको त्या जागी एक खाच पडते, टूल शाबूत राहते आणि तो ठोकळा वितळवून पुन्हा ओतता येतो. म्हणून सरावाला मेणाइतके चांगले साहित्य नाही, असे माझे ठाम मत आहे.

मात्र मेण काय शिकवत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. शून्य कसा धरावा, टूलचा मार्ग बरोबर आहे की नाही, पकड कोठे आड येते, खिशाच्या (कोरलेल्या खोलगट भागाच्या) कोपऱ्यात किती त्रिज्या उरते, हे सारे मेणावर नीट कळते. धातू कापताना टूल किती वाकते, जॉब का थरथरतो, कूलंट (कापताना थंड ठेवणारा द्रव) कधी लागते, हे मेणावर मुळीच कळत नाही, कारण मेण कापायला जोरच लागत नाही. मेणावर चाललेला फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि काप तसाच्या तसा धातूवर चालवणे ही नवशिक्याची दुसरी मोठी चूक असते.

नुसते पॅराफिन का चालत नाही

मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. एंड मिलच्या घर्षणाने ते चिकट होऊन फ्लूटमध्ये, म्हणजे टूलच्या धारांलगतच्या खोबणींत, भरते, कडा ढासळतात आणि बारीक भिंती तुटतात. त्यात पॉलिइथिलीन विरघळवले की ठोकळा कठीण व चिवट होतो आणि त्याला उष्णताही अधिक सोसते. हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात यामागचे कारण सरळ आहे. दोन्ही कार्बन आणि हायड्रोजन यांच्याच साखळ्या आहेत. पॅराफिनच्या साखळीत ढोबळमानाने २० ते ४० कार्बन अणू असतात आणि पॉलिइथिलीनच्या साखळीत हजारो. आखूड साखळ्यांच्या वितळलेल्या मेणात लांब साखळ्या हळूहळू सुटतात आणि थंड झाल्यावर त्याच साखळ्या मेणाला धरून ठेवतात.

पॉलिइथिलीनचे दोन प्रकार सहज मिळतात. एलडीपीई, म्हणजे मऊ पारदर्शक पिशव्या आणि पॅकिंगची फिल्म, सुमारे १०५ ते ११५ अंशांना वितळते. एचडीपीई, म्हणजे दुधी रंगाचे कडक कॅन आणि बाटल्या, सुमारे १२० ते १३० अंशांना. पुनर्वापराच्या त्रिकोणी खुणेत एलडीपीईचा आकडा ४ आणि एचडीपीईचा २ असतो. पहिल्या खेपेस एलडीपीईच घ्यावे. ते पातळ असते, लवकर विरघळते आणि त्यासाठी मेण फार तापवावे लागत नाही. एचडीपीईने ठोकळा अधिक कठीण होतो, पण त्याचे जाड तुकडे सुटायला फार वेळ घेतात आणि कंटाळून तापमान वाढवण्याचा मोह होतो. तो मोहच धोकादायक आहे.

प्लास्टिक निवडताना ३ आकड्याचे पीव्हीसी चुकूनही येऊ देऊ नये, कारण ते जास्त तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. शंका असेल तर तुकडा पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून सोडावा. पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येते, पीव्हीसी तळाशी जाते. पॉलिप्रॉपिलीनही तरंगते, पण ते १६० अंशांच्या आसपास वितळत असल्याने आपल्या तापमानाला ते विरघळत नाही आणि गुठळ्या उरतात. म्हणून तरंगण्याच्या परीक्षेवर पूर्ण विसंबू नये, आकडा वाचावा. छापील शाई असलेल्या, विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि ओल्या पिशव्या बाजूला ठेवाव्यात. स्वच्छ फिल्म धुऊन, पूर्ण वाळवून, दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून घ्याव्यात. पिशवीची जाड शिवण आणि हँडल वेगळे बारीक कापावे.

तापमान आणि आग

हा भाग घाईने वाचू नये. वितळलेले मेण हे इंधन आहे. पॅराफिनच्या वाफा पेट घेण्याइतक्या दाट होण्याचे तापमान प्रतीनुसार साधारण २०० अंशांच्या पुढे असते, आणि आपले काम १२५ ते १४० अंशांच्या दरम्यान होते. मधले अंतर पुरेसे आहे, पण ते थर्मामीटरशिवाय राखता येत नाही. मी स्वतःसाठी १५० अंश ही न ओलांडण्याची मर्यादा ठरवली आहे आणि नव्या माणसानेही तीच पाळावी. धूर दिसू लागला तर तापमान फारच पुढे गेले आहे, असे समजून ताबडतोब वीज बंद करावी.

उघडी ज्योत कोणत्याही रूपात वापरू नये. गॅसची शेगडी नको, जवळपास पेटती उदबत्ती किंवा सिगारेटही नको. थर्मोस्टॅट असलेली, कॉइल झाकलेली विजेची हॉटप्लेट किंवा तळणासाठीचे थर्मोस्टॅट असलेले विजेचे भांडे घ्यावे. मेणबत्तीवाले पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मेण वितळवतात. ती पद्धत सुरक्षित असली तरी येथे उपयोगाची नाही, कारण पाणी १०० अंशांवर उकळते आणि तेवढ्यावर पॉलिइथिलीन विरघळत नाही. भांडे जाड बुडाचे, उंच काठाचे आणि घट्ट बसणाऱ्या धातूच्या झाकणाचे असावे आणि ते पुन्हा अन्नासाठी वापरू नये. थर्मामीटर बुडवण्याचा, धातूच्या दांड्याचा असावा, त्याचे टोक भांड्याच्या बुडाला न टेकता मेणाच्या मध्यात असावे. इन्फ्रारेड थर्मामीटर केवळ वरचा थर मोजतो आणि बुडाशी मेण कितीतरी अधिक तापलेले असू शकते.

मेणाने पेट घेतलाच तर पाणी कधीही टाकू नये. पाणी जड असल्याने तळाशी जाते, तेथे क्षणात वाफ होते, आणि वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढत असल्याने पेटते मेण छतापर्यंत उडते. वीज बंद करावी, झाकण सरकवून भांडे बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत उघडू नये. पेटलेले भांडे उचलून बाहेर नेऊ नये. कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. खिडकी उघडी असावी, लहान मुले आणि पाळीव प्राणी खोलीत नसावेत. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, डोळ्यांवर चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालावेत. अंगावर गरम मेण पडले तर ते ओढून काढू नये. वाहत्या थंड पाण्याखाली ती जागा २० मिनिटे धरावी आणि भाजणे मोठे असेल तर डॉक्टरांकडे जावे.

फोन वाजला तरी भांड्याजवळून हलू नये. जायचेच असेल तर आधी वीज बंद करावी.

किती घ्यावे

समजा, १५० मिमी लांब, १०० मिमी रुंद आणि ५० मिमी जाड ठोकळा हवा आहे. त्याचे आकारमान ७५० घनसेंटिमीटर होते. मिश्रणाची घनता ०.९२ च्या आसपास धरली तर सुमारे ६९० ग्रॅम लागतात. थिजताना मिश्रण बरेच आक्रसते आणि वरचा खोलगट भाग फेसिंगमध्ये (पृष्ठभाग कापून सपाट करताना) काढून टाकावा लागतो, म्हणून ८०० ग्रॅम घ्यावे. वजनाने तीन भाग पॅराफिन आणि एक भाग एलडीपीई, म्हणजे ६०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम, हे प्रमाण सुरुवातीला चांगले. चारास एक घेतले तर मिश्रण पातळ राहते आणि ओतायला सोपे जाते, पण ठोकळा थोडा मऊ होतो. दोनास एक घेतल्यास ठोकळा चांगला कठीण होतो, पण रस इतका दाट होतो की त्यात अडकलेली हवा वर येत नाही. २०० ग्रॅम फिल्म म्हणजे मोठा ढीग असतो, तो पाहून मात्रा चुकली असे वाटते. वजनकाट्यावर विश्वास ठेवावा.

रंग घालणे मला आवश्यक वाटते. पांढरट मेणात अर्ध्या मिलिमीटरची पायरी डोळ्यांना दिसत नाही, गडद निळ्या किंवा हिरव्या ठोकळ्यात ती लगेच दिसते. एक-दोन मेणखडू किंवा मेणबत्तीचा तेलात विरघळणारा रंग पुरतो. खाण्याचे रंग पाण्याचे असतात. ते मेणात मिसळत नाहीत आणि गरम मेणात तडतडतात.

वितळवणे आणि ओतणे

आधी फक्त पॅराफिन वितळवावे आणि ते १२० अंशांपर्यंत नेऊन तेथे स्थिर होऊ द्यावे. मग मूठभर पट्ट्या टाकाव्यात आणि लाकडी किंवा धातूच्या पळीने सावकाश ढवळावे. लाकडी पळी पूर्ण कोरडी असावी. पट्ट्या पडताच आक्रसतात, गोळा होतात, आणि मग काही मिनिटांत काचेसारख्या पारदर्शक होऊन रसात जवळजवळ दिसेनाशा होतात. येथेच फसगत होते. दिसत नाही म्हणजे विरघळले, असे नसते. पळी वर उचलली की तिच्या काठावरून चिकट पारदर्शक पदर लोंबतात. ते न सुटलेले पॉलिइथिलीन असते. पहिली मूठ पूर्ण सुटल्याशिवाय दुसरी टाकू नये. सगळ्या पट्ट्या घालून झाल्यावर १३० ते १४० अंशांच्या दरम्यान अर्धा ते एक तास ढवळत राहावे लागते. हे कंटाळवाणे काम आहे, पण ठोकळ्याचा दर्जा येथेच ठरतो.

मिश्रण तयार झाले की नाही, हे पाहण्यासाठी पळीभर रस थंड धातूच्या पत्र्यावर ओतावा. दोन-तीन मिनिटांनी तो पातळ चकतीसारखा सुटतो. प्रकाशासमोर धरल्यावर ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे; रेषा, ठिपके किंवा मऊ गाठी दिसल्या तर आणखी ढवळावे. चकती वाकवून पाहावी. ती काचेसारखी तडकली तर पॉलिइथिलीन कमी आहे, रबरासारखी दुमडली तर जास्त आहे. नखाने दाबल्यावर ठसा जवळजवळ उमटू नये. रंग याच टप्प्यावर शेवटी घालावा.

साचा म्हणून वरच्या बाजूला किंचित रुंद होत जाणारे धातूचे चौकोनी भांडे उत्तम. सिलिकॉनचे बेकिंगचे भांडेही चालते, पण त्याच्या भिंती बाहेर फुगतात, म्हणून त्याला बाहेरून लाकडी चौकट द्यावी. साच्यात पाण्याचा थेंबही राहू देऊ नये. साचा ८० ते १०० अंशांपर्यंत तापवून घ्यावा, नाहीतर पहिला रस भिंतीला लागताच थिजतो आणि ठोकळ्याच्या बाजूंवर सुरकुत्या पडतात. साचा भांड्याच्या अगदी शेजारी, सपाट आणि न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा, म्हणजे गरम रस घेऊन चालावे लागणार नाही. रस १२५ ते १३० अंशांवर आल्यावर काठाला लागून, संथ धारेने ओतावा. उंचावरून ओतल्यास हवा आत जाते. पाचवा हिस्सा रस मागे राखून ठेवावा.

थंड होताना

माझा पहिला ठोकळा बाहेरून सुरेख होता. तो फेस करताना सगळे ठीक चालले. मग १५ मिमी खोल खिसा कापताना कापण्याचा आवाज एकदम थांबला, टूल मात्र फिरतच होते. खाली पाहिले तर मध्यभागी अंगठ्याएवढी पोकळी होती आणि टूल हवेत फिरत होते. मी तो साचा लवकर व्हावा म्हणून पंख्याखाली ठेवला होता.

मेण बाहेरून आत थिजते. बाहेरचे कवच आधी घट्ट झाले की आतला रस आक्रसताना त्याला भरपाई मिळत नाही आणि पोकळी राहते. धातूच्या ओतकामात यासाठीच रायझर ठेवतात, म्हणजे वरचा भाग शेवटी थिजतो आणि खालच्या भागाला रस पुरवत राहतो. आपणही तेच करायचे. साचा खालून थंड होऊ द्यावा आणि वरून उबदार ठेवावा. धातूचे झाकण ठेवून त्यावर जाड सुती कापडाच्या घड्या ठेवाव्यात. कापड रसाला लागू देऊ नये, आणि तापलेली हॉटप्लेट दूर असावी. थर्माकोल वापरू नये, तो उष्णतेने मऊ पडतो.

वरचा भाग खचू लागला की मागे राखलेला रस गरम करून त्या खळग्यात घालावा. हे वरचा थर अजून मऊ असतानाच करावे. पूर्ण थिजलेल्या थरावर ओतलेला रस नीट चिकटत नाही आणि कापताना तो पापुद्र्यासारखा सुटतो. साय धरली असेल तर कोरड्या तारेने ती फोडून आतल्या रसापर्यंत वाट करून द्यावी. दोन-तीनदा भर घालावी लागते. नंतर रात्रभर तसेच राहू द्यावे. ठोकळा पूर्ण थंड झाला की स्वतःच आक्रसून साच्यापासून सुटतो. ठोकून काढावा लागत असेल तर तो आतून अजून गरम असतो.

पकडणे आणि कापणे

प्रथम तळाची बाजू, जी साच्यामुळे बऱ्यापैकी सपाट असते, खाली ठेवून वरचा खळगा फेसिंगने काढावा, मग उलटून दुसरी बाजू घ्यावी. व्हाइसमध्ये पकडताना जबड्यांना लाकडाच्या किंवा प्लायच्या रुंद पट्ट्या लावाव्यात आणि ठोकळा हलणार नाही एवढेच आवळावे. अधिक आवळल्यास मेण दबते, आणि सोडल्यावर कापलेला खिसा वाकडा निघतो. दुहेरी चिकटपट्टी मेणाला भरवशाने धरत नाही. टेबलावर ठोकळा बसवायचा असेल तर चार कोपऱ्यांना आरपार भोके पाडून, रुंद वॉशर घालून बोल्ट लावणे सर्वांत खात्रीचे.

टूल धारदार असावे, आणि शक्य तर एक किंवा दोन फ्लूटचे. चार फ्लूटच्या टूलमध्ये भुग्याला जागा कमी मिळते. ६ मिमी व्यासाच्या दोन फ्लूटच्या एंड मिलला १०,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) प्रत्येक दाताला, म्हणजे धारेला, ०.१ मिमी द्यायचे ठरवले तर फीड मिनिटाला २,००० मिमी येतो. मशीन २,००० आरपीएमचेच असेल तर तोच हिशेब ४०० मिमी देतो. कापाची खोली आधी २ मिमी ठेवावी आणि मशीनची ताकद पाहून वाढवावी. आकड्यांपेक्षा निघणारा भुगा पाहावा. पेन्सिलीच्या सालीसारखे सुटे, कोरडे पापुद्रे उडत असतील तर सगळे बरोबर आहे. पिठासारखी पूड येत असेल तर फीड कमी आहे. टूलभोवती मऊ गोळा जमत असेल तर तेथे उष्णता साठत आहे. नवशिक्याचा हात अशा वेळी फीड कमी करण्याकडे जातो, पण आरपीएम कमी करावे किंवा फीड वाढवावा.

कूलंट, तेल, पाणी यांतले काहीही वापरू नये. मेणाला त्याची गरज नसते, आणि ओला भुगा पुन्हा वितळवताना १०० अंशांना उसळतो.

मापे घेताना ठोकळा खोलीच्या तापमानाला असावा. मेण आणि पॉलिइथिलीन उष्णतेने पोलादाच्या कितीतरी पट प्रसरण पावतात, म्हणून उन्हात ठेवलेल्या ठोकळ्यावर वर्नियरचे शेवटचे आकडे पाहून मशीनला दोष देऊ नये. एक-दोन शतांश मिलिमीटरचा अचूकपणा तपासायला हे साहित्य नाहीच.

भुगा गोळा करून पुन्हा ओतणे

मेण कापण्याआधी मशीन नीट झाडून पुसून घ्यावे. ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा एखादा कण मेणात गेला तर पुढच्या ठोकळ्यात तो धारेखाली येतो आणि बारीक टूल त्याने खचते. व्हॅक्यूम क्लीनरने भुगा ओढायचा असेल तर त्याची पिशवी फक्त मेणासाठीच ठेवावी. मेणाचा भुगा स्थिर विजेने हाताला आणि रेल्सना चिकटतो. ब्रशने सावकाश झाडावा, हवेचा फवारा मारू नये, नाहीतर तो बेअरिंगच्या सांध्यांत जातो. गोळा केलेला भुगा चाळून, त्यातून चुंबक फिरवून, झाकणाच्या डब्यात ठेवावा.

पुन्हा वितळवताना सारा भुगा एकदम भांड्यात घालू नये. त्यात हवाच अधिक असते, उष्णता आत जात नाही, आणि वर कोरडा ढीग दिसत असताना बुडाशी मेण करपते. आधी जुन्या ठोकळ्याचे मोठे तुकडे वितळवून दोन बोटे रस करावा आणि मग त्यात भुगा थोडा थोडा सोडावा. या वेळी पॉलिइथिलीन आधीच मिसळलेले असल्याने काम लवकर होते, तरी १३० अंशांपर्यंत न्यावेच. तापमान कमी ठेवल्यास बाहेरून रस झालेला दिसतो, पण ठोकळ्यात भुग्याच्या सीमारेषा राहतात. रस पातळ असेल तर तारेच्या बारीक जाळीतून गाळावा. दाट असेल तर ढवळणे थांबवून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा, कचरा तळाशी बसतो, आणि तळाचा एक सेंटिमीटर रस साच्यात न ओतता वेगळा काढावा. उरलेला रस सिंकमध्ये किंवा गटारात कधीही ओतू नये, तो आत थिजून नळी बंद करतो.

प्रत्येक वितळवण्याने मेण थोडे बदलते. हवेशी संपर्क आणि उष्णता यांमुळे ते पिवळट होत जाते, त्याला उग्र वास येऊ लागतो, आणि ते ठिसूळ बनते. हे किती लवकर होते ते आपण किती तापवले आणि किती वेळ तापवले यावर अवलंबून असते. १४० अंशांच्या आत ठेवलेले मेण अनेक वेळा वापरता येते, १८० अंशांपर्यंत तापवलेले मेण त्यापेक्षा लवकर खराब होते. ठोकळा ठिसूळ वाटला तर पुढच्या वेळी दहाव्या हिश्शाइतके ताजे एलडीपीई घालावे. तो चिवट होऊन भुगा लांब धाग्यांसारखा निघू लागला तर पॅराफिन घालावे. किती घातले ते लिहून ठेवावे. मी प्रत्येक ठोकळ्याच्या बाजूवर खिळ्याने तीन गोष्टी कोरतो: प्रमाण, कितव्यांदा ओतला, आणि ओतण्याची तारीख. दोन ठोकळे एकाच प्रोग्रॅमवर वेगळे वागले तर कारण शोधायला याच नोंदी उपयोगी पडतात.

फार तपकिरी झालेले, धातूचे कण गेलेले किंवा तळाचे गाळाचे मेण नव्या साठ्यात मिसळू नये. ते वेगळे वितळवून १० ते १२ मिमी जाडीच्या पट्ट्या ओताव्यात आणि आरपार भोके पाडताना चांगल्या ठोकळ्याच्या खाली बसवाव्यात, म्हणजे ड्रिलचे टोक टेबलापर्यंत पोहोचत नाही.